मुखपृष्ठावरचा इतिहास कोण तपासणार?



शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं निवडायची वेळ आली की आपण काय काय पाहतो? विषय पाहतो, लेखक पाहतो, किंमत पाहतो, अक्षराचा आकार मुलांना झेपेल का ते पाहतो. मुखपृष्ठ मात्र "आकर्षक आहे ना, मग झालं" एवढ्यावर सोडून देतो. ऐतिहासिक कादंबऱ्या आणि मुलांसाठी लिहिलेल्या ऐतिहासिक गोष्टींच्या बाबतीत हे सोडून देणं आता परवडणारं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. या पुस्तकांची मुखपृष्ठं दिवसेंदिवस निष्काळजीपणे केली जात आहेत. आतला मजकूर कितीही मेहनतीने लिहिलेला असो, बाहेरचं चित्र त्याच्या विरुद्ध बोलत असतं. आणि आपण शिक्षक ते पुस्तक कपाटात अगदी दर्शनी भागात मांडून ठेवतो.

मूल आधी चित्र वाचतं

मी तिसरी-चौथीच्या मुलांना शिकवते. या वयात वाचनाचा वेग सगळ्यांचा सारखा नसतो. काही मुलं दोन दिवसांत पुस्तक संपवतात, काही महिनाभर तेच पुस्तक दप्तरात घेऊन फिरतात आणि दहाव्या पानापुढे जात नाहीत. पण मुखपृष्ठ सगळेच वाचतात. अगदी अक्षरओळख कच्ची असलेलं मूलसुद्धा ते चित्र पाच-पाच मिनिटं न्याहाळतं, त्यावरून बोट फिरवतं, शेजारच्याला दाखवतं.

चौथीत आपण परिसर अभ्यास भाग दोनमधून शिवछत्रपतींचा इतिहास शिकवतो. बहुतेक मुलांची इतिहासाशी ही पहिलीच भेट असते. त्याच वर्षी घरात वडिलांनी किंवा आजोबांनी आणलेली एखादी जाड ऐतिहासिक कादंबरी त्यांना दिसते. ती वाचायचं त्यांचं वय नसतं, पण तिचं चित्र डोक्यात बसतं. पुढे कित्येक वर्षं "गड" म्हटलं की तोच गड आणि "घोडा" म्हटलं की तोच घोडा डोळ्यासमोर येतो. वाक्य चुकलं तर खोडून दुरुस्त करता येतं. डोक्यात बसलेलं चित्र खोडायला खोडरबर नाही.

नेहमी दिसणाऱ्या चुका

कुठल्या एका पुस्तकाला किंवा प्रकाशकाला नावं ठेवण्यासाठी मी हे लिहीत नाहीये. दुकानात, पुस्तक प्रदर्शनात, बसस्थानकावरच्या स्टॉलवर दहा-पंधरा मुखपृष्ठं शेजारी शेजारी ठेवून पाहा. खालच्यापैकी तीन-चार गोष्टी तुम्हालाच सापडतील.

१) गड राजस्थानचा, गोष्ट सह्याद्रीची. आपले डोंगरी किल्ले काळ्या बेसॉल्ट खडकाचे. तासलेला कडा, दोन बुरुजांच्या मध्ये लपवलेला दरवाजा, डोंगराच्या सोंडेवर पसरलेली माची ही त्यांची ओळख. राजगडावर गेलेल्या मुलाला सुवेळा आणि संजीवनी माची चित्रात लगेच ओळखता येते. मुखपृष्ठावर मात्र पिवळ्या-गुलाबी दगडाचा, छत्र्या आणि नक्षीदार झरोके असलेला राजवाडा असतो, आणि खाली नाव सह्याद्रीतल्या गडाचं. मागे वाळवंटासारखी मोकळी जमीन. ना करवंदीची जाळी, ना पावसाळी ढग. हा गड जिंकणं का अवघड होतं, ते मुलाला त्या चित्रातून कळणारच नाही.

२) वय चुकलेलं. शिवरायांनी तोरणा घेतला तेव्हा ते सोळा वर्षांच्या आसपास होते. चित्रात भरघोस दाढीचा, चाळिशीचा पुरुष असतो. थोरले माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि १७७२ मध्ये थेऊरला गेले तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांचे होते, तेही क्षयाने खंगून. त्यांच्या जागी धिप्पाड, रुंद छातीचा मल्ल काढला तर त्या गोष्टीतलं सगळं दुःखच निघून जातं. ताराबाईंनी १७०० मध्ये राजारामांच्या मृत्यूनंतर राज्याची धुरा हातात घेतली तेव्हा त्या पंचविशीत होत्या. आपल्या वर्गातल्या पोरांच्या ताई-दादाच्या वयाची ही माणसं होती, हेच तर मुलांना सांगण्यासारखं आहे!

३) काळ चुकलेला. राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ ला, रायगडावर. गोष्ट त्याच्या पंधरा वर्षं आधीची आणि चित्रात सोन्याचं सिंहासन, छत्र, चामरं. शनिवारवाड्याचंही तसंच. पायाभरणी १७३० ची. आतला वाडा १८२८ च्या आगीत जळून गेला. आज आपल्याला दिसतात ती तटबंदी, दरवाजे, नगारखाना आणि आतली जोती. पण पेशवाईच्या भरभराटीची कादंबरी असली तरी मुखपृष्ठावर आजचा फोटो चिकटवलेला असतो. म्हणजे वाडा नांदता असतानाच त्याचे अवशेष झालेले!

४) घोडे, तलवारी, जहाजं. मराठ्यांचा भीमथडी घोडा अंगाने आटोपशीर, काटक, डोंगरवाटा चढणारा. चित्रात शर्यतीच्या मैदानावरचा उंच विलायती घोडा. तलवार कधी इंग्रजी सिनेमातल्या सरदाराची. कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराची गोष्ट असली की तीन डोलकाठ्यांचं युरोपी जहाज काढायचं आणि त्यावर भगवा लावायचा. आपली गुराबं, गलबतं कशी होती हे कोकणातलं मूलसुद्धा मग कुठे बघणार?

५) लिहिण्याची साधनं. पत्र लिहिणारा कारकून दाखवला की त्याच्या हातात पिसाची लेखणी. आपल्याकडे बोरू होता! आमच्या शाळेजवळच्या ओढ्याला आजही बोरूची बेटं आहेत. आणि कागदावरची अक्षरं छापील देवनागरी. त्या काळी दप्तरातली पत्रं मोडीत लिहिली जात, हे पाचवीतल्या पोरालाही सांगता येतं.

६) बायका. नऊवारीच्या जागी खांद्यावर पिन लावून घड्या बसवलेली साडी, पार्लरमध्ये केल्यासारखा चेहरा, लग्नाच्या अल्बममधले दागिने. राज्य चालवणारी, घोड्यावर बसणारी, हिशेब तपासणारी बाई त्या चेहऱ्यात सापडत नाही. जिजाऊंना तर बहुतेक चित्रकार तरुणपण देतच नाहीत.

७) अक्षरं. ही चूक मला शिक्षक म्हणून सगळ्यात जास्त टोचते. शीर्षकातून रक्त ठिबकतंय, अक्षरांना सोन्याचा मुलामा, आणि जोडाक्षर मात्र तुटलेलं. 'युद्ध'मधला 'द्ध' फुटून हलन्त 'द्' वेगळा उभा. आम्ही वर्षभर जोडाक्षरं घोटून घ्यायची आणि जाड ठशातल्या शीर्षकातच ती मोडलेली दाखवायची!

"अहो, कादंबरीच आहे ना ती!"

हा युक्तिवाद मी बऱ्याचदा ऐकला आहे. कादंबरी म्हणजे इतिहास नव्हे, तिच्यात कल्पना असणारच, मग चित्राला कशाला इतका काच?

कल्पनेला माझा विरोध नाही. मराठीत ऐतिहासिक कादंबरीची परंपरा जुनी आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ ची. पुढे हरि नारायण आपटे, ना. सं. इनामदार, रणजित देसाई, शिवाजी सावंत, विश्वास पाटील अशा लेखकांनी कित्येक घरांत इतिहासाची गोडी लावली. कादंबरीकार संवाद कल्पनेने लिहितो, मनातले विचार कल्पनेने लिहितो. पण तो पानिपतची लढाई पुण्यात लढवत नाही. १४ जानेवारी १७६१ ही तारीख तो बदलत नाही. जिथे कागदपत्रं बोलतात तिथे त्यांचं ऐकायचं आणि जिथे ती गप्प बसतात तिथे कल्पना करायची, ही त्याची शिस्त असते.

मुखपृष्ठालाही हीच शिस्त लावा, एवढंच माझं म्हणणं. तानाजी मालुसरे कडा चढताना नेमके कसे दिसत असतील हे कुणालाच माहीत नाही, तिथे चित्रकाराने खुशाल कल्पना करावी. पण कोंढाण्यावरचा तो हल्ला १६७० च्या फेब्रुवारीतल्या रात्रीचा होता. मग चित्रात लखलखीत ऊन कसं? रात्र, थंडी आणि अंधारात चाचपडणारे हात काढले असते तर चित्र खरंही झालं असतं आणि जास्त चांगलंही झालं असतं. चूक टाळल्याने चित्र रुक्ष होत नाही, उलट त्यात जीव येतो.

रंगांनी वाटलेली माणसं

आता जरा नाजूक मुद्दा. पण तो टाळला तर या लेखाला अर्थ नाही.

बऱ्याच मुखपृष्ठांवर दोन रंग असतात. एका बाजूला भगवा, दुसऱ्या बाजूला हिरवा. भगव्या बाजूला उजळ, देखणे चेहरे आणि हिरव्या बाजूला लाल डोळे, विचकलेले दात. पुस्तक उघडायच्या आधीच मुलाला सांगून टाकलेलं असतं की कोण चांगला आणि कोण वाईट, आणि ते कशावरून ओळखायचं. कपड्यावरून, दाढीवरून, धर्मावरून.

आत काय असतं? पानिपतावर सदाशिवरावभाऊंच्या बाजूने तोफखाना चालवणारा इब्राहिमखान गारदी होता. तो शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि मारला गेला. अब्दालीच्या बाजूला शुजाउद्दौल्याच्या फौजेत अनुपगिरी गोसाव्याचे गोसावी होते. शिवरायांच्या आरमारात दौलतखान होता. आदिलशाहीत अनेक मराठा घराणी सरदारकी करत होती. चांगल्या कादंबरीत ही सगळी गुंतागुंत असते. पण मुखपृष्ठाचे दोन रंग ती पुसून टाकतात.

माझ्या वर्गात सगळ्या समाजांची मुलं शेजारी शेजारी बसतात, डबा वाटून खातात. तुमच्याही वर्गात बसत असतील. असं एखादं पुस्तक मी वर धरते तेव्हा कुठल्या मुलाची मान खाली जाते, हे मला दिसतं. इतिहासातली लढाई शिकवायलाच हवी, पराक्रम सांगायलाच हवा. पण तो सांगताना आजच्या नऊ वर्षांच्या मुलाला शत्रूच्या रांगेत उभं करायची गरज नाही. मुखपृष्ठाच्या सगळ्या चुकांमध्ये ही मला सर्वांत गंभीर वाटते. कारण घोडा चुकला तर माहिती चुकते, इथे माणूस दुखावतो.

संदर्भ मिळत नाहीत, असं नाही

"त्या काळचे फोटो थोडेच आहेत?" असंही म्हटलं जातं. फोटो नाहीत, पण चित्रं आहेत. शिवाजी महाराजांची सतराव्या शतकातली गोवळकोंडा शैलीतली चित्रं ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती आता घरबसल्या संगणकावर पाहता येतात. एके काळी तर भलत्याच एका सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून आपल्याकडे चालत होतं. इतिहास संशोधक वा. सी. बेंद्रे यांनी विसाव्या शतकात अस्सल चित्र शोधून लोकांसमोर आणलं, तेव्हा ती चूक दुरुस्त झाली. एका चित्रासाठी या माणसाने किती दप्तरं चाळली असतील! आणि आपण आज मालिकेतल्या नटाचा चेहरा उचलून मुखपृष्ठावर लावतो.

पेशवाईसाठी तर आणखी सोपं. जेम्स वेल्स हा चित्रकार १७९० नंतरच्या काही वर्षांत पुण्यात होता. त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांना समोर बसवून चित्रं काढली. त्याच्याच हाताखाली गंगाराम तांबट हा पुण्याचा कलाकार तयार झाला. वाईजवळ मेणवलीला नानांचा वाडा आहे, त्यातल्या भिंतीवरच्या चित्रांत त्या काळचे पोशाख दिसतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे, वाद्यं आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून पुण्यात उभं आहे. चित्रकाराने यातल्या एका ठिकाणी एक दिवस घालवला तरी निम्म्या चुका आपोआप गळून पडतील.

आपल्याकडे चांगल्या चित्रकारांचीही कमतरता कधी नव्हती. मडगावात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी एवढी मुखपृष्ठं केली की एका पिढीला मराठी पुस्तक म्हणजे दलालांचं चित्र वाटायचं. रघुवीर मुळगावकर, बाळ ठाकूर, पद्मा सहस्रबुद्धे, सुभाष अवचट, चंद्रमोहन कुलकर्णी अशी ही रांग आजपर्यंत येते. प्रत्येकाची शैली वेगळी. त्यांच्या कामाकडे पाहिलं की कळतं, मुखपृष्ठ हे पुस्तकाचं वेष्टन नाही, ते पुस्तकाचं पहिलं पान आहे.

पैशाचा प्रश्न आणि संगणकाचं चित्र

प्रकाशकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. मराठी पुस्तकाची आवृत्ती लहान असते, कागद महागलाय, विक्रीला दुकानं कमी झाली आहेत. चित्रकाराला नीट मानधन द्यायचं तर ते किमतीत धरावं लागतं. म्हणून मग तयार फोटो घ्यायचे, एकावर एक चिकटवायचे आणि वर आगीच्या ज्वाळा घालायच्या. आता तर संगणकाला दोन ओळी सांगितल्या की मिनिटभरात चित्र हजर. ते जगभरातल्या चित्रांची सरमिसळ करून देतं. त्यामुळे मावळा अर्धा मोगल, अर्धा युरोपी दिसतो. हाताला सहा बोटं आणि घोड्याला लगामच नाही, असंही असतं.

असं एक चित्र मी वर्गात दाखवलं तर एका मुलीने पहिला प्रश्न विचारला, "बाई, लगाम नाही, मग त्यो घोडा थांबवतो कसा?" तिच्या घरी बैलजोडी आहे. कासरा, वेसण तिला माहीत आहे. नऊ वर्षांच्या मुलीला जे दिसलं ते छापण्याआधी कुणाच्याच नजरेस पडलं नाही, याचा अर्थ ते चित्र कुणी नीट पाहिलंच नव्हतं.

पैसे कमी असतील तर साधं मुखपृष्ठ करा ना! एक रंग, सुवाच्य शीर्षक, एखादी राजमुद्रा किंवा रेषांमधला गड. साधेपणाला कुणी हसत नाही. चुकीच्या भपक्यापेक्षा कोरी जागा बरी.

वर्गात काय करता येईल?

तक्रार करून थांबायचं नाही, हा आपला शिक्षकांचा धर्म. मी वर्गात करते ते उपक्रम सांगते. खर्च शून्य.

मुखपृष्ठ तपासणी : पुस्तक वाचायला देण्याआधी मुलांचे गट करून पाच प्रश्न द्यायचे. हे चित्र कुठल्या जागेचं आहे? कोणत्या वेळेचं, दिवस की रात्र? माणसाचं वय किती वाटतं? हातात काय आहे? आपल्याला खटकणारं काय आहे? उत्तरं वहीत लिहायची आणि पुस्तक वाचून झाल्यावर पुन्हा तेच प्रश्न. दोन्ही उत्तरांतला फरक मुलं स्वतःच शोधतात.

नाव शोधा : आतल्या ज्या पानावर प्रकाशक, आवृत्ती आणि किंमत छापलेली असते, तिथे मुखपृष्ठकाराचं नाव आहे का ते पाहायचं. नाव असेल तर फळ्यावर लिहायचं. चित्र काढणाराही पुस्तकाचा भागीदार आहे, हे मुलांना कळतं.

आपलं मुखपृष्ठ : पाठ किंवा गोष्ट संपल्यावर प्रत्येकाने स्वतःचं मुखपृष्ठ काढायचं. यंदा कोंढाण्याच्या पाठानंतर एका मुलाने माणूस काढलाच नाही. पूर्ण पान काळ्या खडूने रंगवलं, मधून एक पांढरा दोर वरून खाली सोडला. विचारलं तर म्हणाला, "बाई, रात्र हाय. माणसं खाली हायत, अजून चढायचीत." बाजारात मिळणाऱ्या कित्येक मुखपृष्ठांपेक्षा त्याला ती गोष्ट जास्त समजली होती.

प्रत्यक्ष पाहणी : जवळचा गड, वाडा, जुनी वेस, बारव, जे असेल ते दाखवा. सहलीला जाताना पुस्तक सोबत न्या आणि तिथेच उभं राहून चित्राशी ताडून पाहा. "दगड काळा आहे बाई, पुस्तकात गुलाबी दाखवलाय" हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं की इतिहासाचा पुरावा म्हणजे काय, हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पालकांना आणि खरेदी करणाऱ्यांना विनंती

पालकहो, वाढदिवसाला पुस्तक भेट देताय, फार चांगलं करताय. फक्त ते घेताना मुलाला सोबत न्या आणि मुखपृष्ठाबद्दल दोन प्रश्न विचारा. घरात आधीच एखादं चुकीच्या मुखपृष्ठाचं पण चांगलं पुस्तक असेल तर ते टाकून देऊ नका. खाकी कव्हर घाला आणि त्यावर मुलालाच चित्र काढू द्या. रक्ताने माखलेलं, द्वेषाने भरलेलं मुखपृष्ठ असलेलं पुस्तक मात्र लहान मुलाच्या हातात देताना दहादा विचार करा.

शिक्षक मित्रांनो, शाळेसाठी पुस्तकांची यादी करताना मुखपृष्ठासाठी एक रकाना ठेवा. गड बरोबर आहे का, काळ बरोबर आहे का, जोडाक्षरं शाबूत आहेत का, चित्रकाराचं नाव आहे का आणि वर्गातल्या प्रत्येक मुलासमोर हे पुस्तक मान ताठ ठेवून वर धरता येईल का, एवढ्या पाच खुणा पुरेत. उत्तर 'नाही' आलं तर विक्रेत्याला तसं सांगा आणि प्रकाशकाला एक पत्र टाका. चार शाळांची पत्रं गेली तर कुणी लक्ष देणार नाही. पण तालुक्यातल्या सगळ्या शाळांची गेली, तर पुढच्या आवृत्तीचं मुखपृष्ठ ठरवताना कुणीतरी नक्की म्हणेल, "थांबा, एकदा तो गड बघून येऊ."

पुढच्या केंद्र परिषदेत हा विषय मी मांडणार आहे. तुम्हीही तुमच्या केंद्रात मांडा.